घराचा झाला स्टुडिओ

वास्तुकला केवळ व्याख्याने ऐकून शिकता येत नाही. या विषयाचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यातील बराच काळ विद्यार्थी स्टुडिओत घालवतात. तेथे आराखडे रेखाटले जातात, पुठ्ठ्याच्या प्रतिकृती उभ्या राहतात आणि त्यांवर सर्वांसमक्ष चर्चा होते. शेजाऱ्याच्या फलकावरील चूक पाहताना आपली चूक उमगते. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली अहमदाबाद येथे वास्तुकलेचे विद्यालय स्थापन केले. त्याच्या इमारतीची रचना करताना दारे शक्य तितकी कमी ठेवण्यामागे त्यांचा हाच हेतू होता : विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम पाहावे, त्यावर बोलावे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सारे स्टुडिओ ओस पडले. जेवणाचे टेबल किंवा पलंगाची कड हीच विद्यार्थ्यांची कामाची जागा झाली. मार्गदर्शन संगणकाच्या पडद्यावरून मिळू लागले. त्यामुळे शिक्षण थांबले नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, जे हरवले तेही थोडे नव्हते. १:१०० या प्रमाणात २.१ मीटर उंचीचे दार कागदावर २१ मिलिमीटर भरते. पडद्यावर मात्र ते क्षणात हवे तेवढे मोठे करता येते. अशाने प्रमाणाची जाण नजरेत मुरत नाही. शेजाऱ्याचा फलक तर दिसेनासाच झाला. शिवाय, ज्याला स्वतंत्र खोली होती तो आणि ज्याचे सारे कुटुंब एकाच खोलीत राहत होते तो, या दोघांना स्टुडिओने सारखी जागा दिली होती. ती समानताही गेली.

मग या काळाने काहीच शिकवले नाही का? माझ्या मते, एक मोलाचा धडा दिला. दुपारचे ऊन कोणत्या खिडकीतून आत येते, स्वयंपाकघरातील आवाज कोठवर पोहोचतो, घरातील वृद्धांना निवांत बसण्यास जागा उरते का, हे विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस अनुभवले. आराखड्यात ‘अभ्यासाची खोली’ असे लिहिणे सोपे असते. तिच्यावाचून अभ्यास करणे किती कठीण, हे त्यांना तेव्हा कळले.

स्टुडिओ पुन्हा उघडले, हे योग्यच झाले. मात्र ज्याला त्या दिवसांत वही उघडण्यापुरताही कोपरा मिळाला नाही, त्याने उद्या दुसऱ्याचे घर रेखाटताना त्या कोपऱ्याचा विसर पडू देऊ नये.