रक्त काढून हे कळायचे नाही

“डॉक्टर, आतून तपासू नका. हवे तर रक्त काढा.” अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या भगिनी हे हमखास म्हणतात. मध्यंतरी एक बाई रक्ताचा महागडा रिपोर्टच घेऊन आल्या. कसल्याशा जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, एवढेच त्यात होते. वास येतो म्हणून वर्षभर त्या लग्नकार्याला जात नव्हत्या. स्राव मात्र कोणीच तपासला नव्हता.

प्रतिपिंडे म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने बनविलेली द्रव्ये. एच.आय.व्ही.च्या निदानात त्यांची साक्ष मोलाची असते. परंतु माशासारख्या वासाचा स्राव ज्यात होतो, त्या बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये ती चालत नाही. हा एका जंतूचा हल्ला नव्हेच. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, योनिमार्गात आम्ल तयार करून राखण करीत असतात. ते घटले की गार्डनेरेला व इतर जंतू माजतात. विरजण बिघडावे तसे. गार्डनेरेला तर निरोगी स्त्रीतही सापडतो. मग रक्तातील प्रतिपिंडांवरून आजचा आजार कसा ओळखणार?

खरी तपासणी पाच-दहा मिनिटांची आणि स्वस्त आहे. १९८३ साली अॅम्सेल व सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या. पातळ, एकसारखा, करडा-पांढरा स्राव, कागदावर पी.एच. ४.५ च्या वर; पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकताच येणारा माशासारखा वास; सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी लगडलेल्या पेशी. चारांपैकी तीन जुळल्या की निदान झाले.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची. दोष बायकांच्या लाजेचा म्हणून आम्ही डॉक्टर मोकळे होतो. पण तपासणीच्या खोलीला पडदा नाही, दाराला कडी नाही, जवळ नर्स नाही. मग बाई रक्तच काढा म्हणणार!

गरोदरपणी हा आजार असेल तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. एरवी एच.आय.व्ही.ची लागणही सोपी होते. त्या बाईंना तपासणीनंतर सात दिवसांच्या गोळ्या पुरल्या. मात्र शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुऊ नये. उपकारक जंतूच मरतात. आणि तपासणीला पाळी संपल्यावर जावे.