पहिल्या पायरीचे मोल

प्रत्येक व्यवसायात आपल्याच माणसांवर रचलेले विनोद असतात. संगणकाचा व्यवसाय त्याला अपवाद नाही. प्रोग्रॅमर मंडळींत पूर्वापार चालत आलेला एक विनोद तर फारच बोलका आहे. 'हॅलो, वर्ल्ड' एवढेच शब्द पडद्यावर उमटवायचे आहेत. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या 'सी' भाषेवरील पुस्तकाने रूढ केलेला हा या विद्येचा श्रीगणेशा. शाळकरी मुलगा ते काम दोन ओळींत उरकतो. महाविद्यालयीन विद्यार्थी त्याला नियमांची प्रभावळ जोडतो. नोकरीस नुकताच लागलेला पदवीधर शिकलेले सारे त्यात ओततो आणि नमनालाच घडाभर तेल जाते. स्वतःस तज्ज्ञ समजणारा त्याची पानेच्या पाने करतो. खरा जाणकार मात्र पुन्हा दोन ओळींवर येतो. सर्वांत वरचा साहेब हाताखालच्या माणसाला चिठ्ठी धाडतो : "एवढे संध्याकाळपर्यंत करून ठेवा."

या विनोदात अर्थशास्त्राचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या कामात कौशल्य वाढले की दिसणारे उत्पादन घटते, ते काम मोजावे कसे? १९८२ साली ॲपल कंपनीत व्यवस्थापकांनी प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी लिहिल्या याचा तक्ता मागवण्यास प्रारंभ केला. बिल ॲटकिन्सन या कुशल आज्ञावलीकाराने नुकताच एक भाग नव्याने रचून त्याचा वेग जवळजवळ सहापट वाढवला होता आणि त्या ओघात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने तक्त्यात आकडा भरला : उणे दोन हजार! काही आठवड्यांनी त्याच्याकडे तक्ता मागणेच बंद झाले.

नवख्याचा हिशेब याहून अवघड आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली दाखवून दिले, की रेंगाळलेल्या प्रकल्पावर नवी माणसे नेमली तर तो अधिकच रेंगाळतो. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ खर्ची पडतो. म्हणजे आरंभीच्या काळात नवखा हा जमेच्या बाजूस नसून खर्चाच्या बाजूस असतो. तरीही त्याला ठेवून घेतले जाई, कारण किरकोळ दुरुस्त्या, चाचण्या, चुकांचा शोध ही कष्टाची कामे करावयास कोणीतरी हवेच असे. ती करता करताच तो शहाणा होई.

२०२२ सालच्या अखेरीपासून साध्या भाषेत सांगितलेले काम ऐकून आज्ञावली लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि हीच किरकोळ कामे ती चुटकीसरशी करू लागली. मग नवख्याला पोसावे कशाला, असा प्रश्न हिशेबनीसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. एकेका कंपनीपुरता तो बिनतोडही आहे. शिकवण्याचा खर्च एकीने करावा आणि शिकलेला माणूस दुसरीने पळवावा, हा या धंद्याचा नित्याचा अनुभव. परंतु प्रत्येकीने असाच विचार केला तर दहा वर्षांनी पळवावयास तरी कोण उरणार? यंत्राने लिहिलेल्या पानांतून नेमके काय गाळावे, हे कळणारा जाणकार आभाळातून पडत नाही. काल घडाभर तेल सांडणारा पोरच आज मोजके लिहितो.

हा प्रश्न पुण्याच्या हिंजवडीपासून दूर नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आणि पहिल्या नोकरीकडे डोळे लावून बसलेली हजारो मराठी मुले त्यात गुंतलेली आहेत. नवख्याचे शिक्षण ही मेहेरबानी नसून भांडवली गुंतवणूक आहे, असे मानून कंपन्यांनी तिची तरतूद केली पाहिजे. महाविद्यालयांनीही तयार उत्तरे पाठ करून घेण्यापेक्षा चुका शोधण्याचे आणि अनावश्यक ते खोडण्याचे शिक्षण दिले पाहिजे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ते घाव घालण्यास आज कोणाला सवड नसेल, तर उद्या मूर्तींची अपेक्षाही करू नये.