पाठीचा कणा, मोबाइल आणि सातबारा

पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाने घरी व्यायाम करावा, मोबाइलवरील अॅपने त्याला आठवण द्यावी आणि प्रशिक्षकाने अधूनमधून फोन करून धीर द्यावा, असे प्रयोग कॅनडा-अमेरिकेत चालू आहेत. आपल्याकडे आरोग्य ‘डिजिटल’ करण्याच्या घोषणांना तोटा नाही. तेव्हा ही कल्पना उद्या नांदेड-लातुरातही येईल. आमचा तिला विरोध नाही. ती लवकर यावी. पण ती कोणाच्या घरात शिरणार आणि कोणाच्या उंबरठ्यावरून परत फिरणार, हे आजच विचारले पाहिजे.

व्यायामाने तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला मारतात ते पाठीवरचे व्रण, लघवीचा जंतुसंसर्ग आणि हृदयविकार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम केला तरी फायदा होतो. म्हणजे मागणी फार मोठी नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. मात्र त्यांच्या मागे लष्कर उभे होते. खडकीला जखमी जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. ते असायलाच हवे. पण विहीर खोदताना दरड अंगावर आलेल्या, बांधकामाच्या परातीसह खाली कोसळलेल्या, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या मजुरासाठी मराठवाड्यात तसे काय आहे?

विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथे जीव वाचतो. खरा प्रश्न सुट्टी मिळाल्यावर सुरू होतो. पुनर्वसनाची नामांकित केंद्रीय संस्था मुंबईत हाजी अलीला, १९५५ पासून. नांदेड-लातूरहून ती पाचशे-सहाशे किलोमीटरवर. ज्याची बायको रोजंदारीवर गेली नाही तर चूल पेटत नाही, तो महिनोन्‌महिने तिथे कसा राहणार?

किल्लारीने हे सर्व तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे दहा हजार माणसे गेली; जी वाचली त्यांत कण्याला इजा झालेलीही होती. पुढे नव्या गावठाणात घरे वाटली ती कशी? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यापुढच्याला ७५०. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने पाहिला. अडीचशे चौरस फुटांत पाच माणसांचा संसार मांडल्यावर चाकाची खुर्ची वळवायला जागा किती उरते, हे मोजायला कोणी गेले होते काय?

आजही माप तेच आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह योजना अपंगत्व आल्यास एक ते दोन लाख रुपये देते. पण कोणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. त्याच रानात, त्याच विहिरीत काम करणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. हा भूमिहीन प्रामुख्याने कोणत्या वस्तीतला असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली, अदारकरांचा अहवाल १९४४ ला आला, १९४८ ला कायदा झाला. शेतमजूर मात्र आजतागायत त्या छत्राबाहेर आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २५०० रुपये झाली; त्यात नळ्या, पिशव्या, मलमपट्टी आणि वर मोबाइलचे रिचार्ज!

आता मोबाइलकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील फक्त ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुष ५७ टक्के. घरात एकच फोन, तो मुलाच्या खिशात. मग खाटेवरच्या आईला आठवण कोण देणार? शिवाय बहुतेक अॅप पावले मोजतात. जो चालूच शकत नाही त्याला ते रोज संध्याकाळी ‘शून्य’ दाखवणार. अॅपल कंपनीने २०१६ मध्ये आपल्या घड्याळात चाकाच्या खुर्चीचे ढकलणे मोजण्याची सोय केली, पण ते घड्याळ आमच्या वस्तीत कोणाच्या मनगटावर आहे? मानेजवळ इजा झालेल्याला लुळ्या भागात नीट घाम येत नाही, त्याचे अंग तापत जाते. थंड देशात लिहिलेला व्यायाम नांदेडच्या मे महिन्यात भरदुपारी केला तर जिवावर बेतेल. छातीच्या वर इजा असेल आणि लघवीची पिशवी तुंबली असेल तर रक्तदाब एकाएकी भडकतो. हे ओळखणारे जाणते माणूस फोनच्या पलीकडे हवे.

बांगलादेशाचा अनुभव बोलका आहे. तिथे चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांना घरी गेल्यावर दोन वर्षे ठरवून फोन केले, घरभेटीही दिल्या. तरी मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. आम्ही यातून फोन निरुपयोगी असा अर्थ काढत नाही. गरिबी तशीच ठेवून केलेला फोन कुठे अडतो, ते यात दिसते.

लातूरला कोचिंग काय असते हे शिकवायची गरज नाही. डॉक्टर घडवण्याच्या शिकवण्यांवर तिथे कोट्यवधींची उलाढाल होते. त्यातला शंभरावा हिस्सा जिद्द खाटेवरच्या मजुरासाठी का लागू नये? दोन्ही सरकारी रुग्णालयांनी सुट्टीच्या कागदासोबत मराठीत, आवाजी स्वरूपात, साध्या फोनवरही ऐकता येतील असे व्यायाम द्यावेत. पाठपुरावा पगारी फिजिओथेरपिस्टने करावा. आशाताईंवर हे काम टाकायचे असेल तर मोबदल्यासह टाकावे, फुकट नव्हे. कण्याची इजा झालेले, पण आता सावरलेले, यांनाच मानधन देऊन प्रशिक्षक नेमावे. अडचण त्यांना आतून कळते. अपघात योजनेत भूमिहीन शेतमजूर घ्यावा. आणि पैसा नाही असे कोणी म्हणू नये. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. येत्या ग्रामसभेत आमच्या कार्यकर्त्यांनी उभे राहून गेल्या तीन वर्षांत या निधीतून कोणाला काय दिले, त्याची यादी लेखी मागावी.