एका रकान्यातला खानदेश

इतिहासावर बेतलेल्या रणनीतीच्या संगणकीय खेळांकडे साहित्याच्या अभ्यासकाने ढुंकूनही पाहू नये, हा अलिखित नियम आम्हांस मान्य नाही. ऐतिहासिक कादंबरीने शिवकाल वा पेशवाई कोणत्या दृष्टीने रंगविली, याची चिकित्सा आपण वर्षानुवर्षे करीत आलो. आज आपल्यासमोर बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या मनातले मध्ययुग मात्र अशा खेळाच्या नकाशाने घडविले आहे. तो नकाशा हीदेखील एक संहिताच होय. खेळाच्या फायली बदलून स्वतःची आवृत्ती, म्हणजे ‘मॉड’, सिद्ध करणारे हौशी लोक या संहितेचे सहलेखक ठरतात. आमचा वाद त्यांच्याशी आहे.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो. त्यात फारुकींचे खानदेश हे स्वतंत्र राज्य आहे. प्रत्येक प्रांताच्या फायलीत धर्मासाठी एक ओळ असते आणि तिच्यात एकच शब्द मावतो. राज्याचा धर्मही एकच. दोहोंत भेद पडला की राज्याचे ‘धार्मिक ऐक्य’ घटते. त्यावर हमखास उपाय म्हणजे धर्मप्रचारक धाडणे. दरमहा टक्के वाढत जातात, शंभर भरले की प्रांत धर्म बदलतो आणि धर्माच्या नकाशावर त्याचा रंग पालटतो. ‘ऐतिहासिक अचूकते’चा ध्वज घेऊन निघालेला मॉडकार बहुधा काय करतो? आकडे कमीजास्त करतो, नवा पंथ, नवे चिन्ह, नवा रंग आणतो. रकाना तेवढा तसाच राहतो.

आता ज्या भूमीला हा रकाना लावला जातो, तिच्याकडे पाहू. फारुकींची राजधानी बऱ्हाणपूर. नगराचे नाव खुलताबादेस विसावलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफीवरून. तिथल्या जामा मशिदीत, १५९० च्या सुमाराचा, अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला लेख आहे. मशीद बांधणाऱ्या सुलतानाने भिंतीवर संस्कृत कोरविले, ही घटना ‘सहिष्णुता अधिक एक’ या आकड्यात कशी बसवायची? जळगाव-भुसावळ वाटेवरच्या नशिराबादचे नाव अरबी-फार्सी घडणीचे; त्याच गावी विसाव्या शतकातील झिप्रूअण्णा या अवधूताचे समाधिस्थान आहे. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. खेळातील हिंदू राजाला मात्र शिव, विष्णू, गणेश, सूर्य, शक्ती, गंगा यांतून एक दैवत निवडावे लागते. कानबाई त्या यादीत नाही, आणि विठोबाही नाही. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद कोणत्या रकान्यात घालावेत, हे ज्या यंत्रणेला सांगता येत नाही, तिला अचूक म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे : खेळ म्हटला की सुलभीकरण आलेच. आले, हे कबूल. पण सुलभीकरण कोणत्या दिशेने, हा आमचा प्रश्न आहे. माणशी एक धर्म आणि त्याची बेरीज, ही दृष्टी १८७१-७२ पासूनच्या जनगणनेने आपल्याकडे रुजविली. तीच १४४४ सालावर लादून तिला इतिहास म्हणणे, हा कालविपर्यास नव्हे काय? २०२५ च्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ मध्ये एकाच ठिकाणी अनेक धर्मांचे लोकसमूह नांदतात, ही सुधारणा खरीच. परंतु प्रत्येक समूहाच्या कपाळी धर्म पुन्हा एकच.

गतकाळ गोडगुलाबी होता, असा आमचा दावा नाही. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया लावला. नेताजी पालकरांचे धर्मांतर आणि १६७६ मधले परत येणे, दोन्ही घडले. मॉडमध्ये हेही असावेच. मात्र नेताजी हा एक माणूस होता, शंभर टक्के भरलेला प्रांत नव्हे.

या फायली साध्या मजकुराच्या असतात. प्रसंग आणि प्रांताचे गुणविशेष त्यांत नव्याने लिहिता येतात. दर्ग्याला वा देवळाला दिलेल्या इनामाने, राजाचा धर्म कोणताही असो, प्रांत शांत होतो, असा नियम लिहिण्यास कोणी अडविले आहे? यात्रेच्या हंगामात व्यापार वाढावा, इनाम जप्त झाल्यास दोन्ही धर्मांचे लोक बिथरावेत, हेही शक्य आहे. कौशल्य आहे, उणीव आहे ती वाचनाची. ते वाचन शिकविणे हे आपले, मराठीच्या शिक्षकांचे, काम. विद्यार्थ्याने असा मॉड वर्गात आणला तर हसून तो बाजूस सारू नये. त्यातली धर्माची ओळ उघडून, तिने कोणाला वगळले, हे त्यालाच विचारावे.