दगडगोट्यांना भाव कुणी आणला?



जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केला आणि एकच गदारोळ उठला. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर भाषणे झाली. बाजूने बोलणारेही शेतकऱ्याचे नाव घेत होते आणि विरोधातलेही. पण बाटलीच्या किमतीतले किती रुपये द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातावर पडतात, हा हिशेब मात्र बाजूलाच राहिला. प्यावी की न प्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला बोलायचे आहे ते भावाबद्दल.

भावाचा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते, "फ्रान्सची गोष्ट वेगळी, तिथली मातीच तशी!" हे उत्तर ज्यांना फ्रान्सचा इतिहास ठाऊक नाही त्यांनीच द्यावे. दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाची हकीगत आम्ही मांडतो, मग मातीचे श्रेय किती ते तुम्हीच ठरवा.

गावाचे नाव शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे पोपचा नवा वाडा. चौदाव्या शतकात रोमचे पोप जवळच्या आव्हिन्यों शहरात राहत, त्यांचा वाडा या गावात होता. रोन नदीकाठच्या या गावाची लाल वाईन आज जगभर मोठ्या भावाने विकली जाते आणि चांगल्या सालची असेल तर १५-२० वर्षे मुरत ठेवता येते.

जमीन पाहाल तर कपाळाला हात लावाल. बऱ्याच शेतांत मातीच दिसत नाही, मुठीएवढे ते नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले. आपल्याकडे अशी जमीन सरकारदरबारी पोटखराबा म्हणून लिहिली जाईल. पण हे गोटे दिवसा तापतात, रात्री वेलाला ऊब देतात आणि खालच्या चिकणमातीतली ओल उडू देत नाहीत. काही शेते वाळूची, काही चुनखडीची. वर मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा. तो पाने सुकी ठेवतो. केवड्याच्या फवारण्यांनी कंबरडे मोडलेल्या आमच्या बागाइतदाराला या वाऱ्याची किंमत सांगायला नको.

ही वाईन बहुतेक वेळा एका द्राक्षाची नसते. १३ जाती नियमात मान्य आहेत. मुख्य जात ग्रनाश. तिच्यात साखर भरपूर, पण हवा लागली की ती लवकर उतरते. म्हणून जोडीला मूरवेद्र घेतात. तिच्या तुरटपणाने वाईन टिकते. सिरा, जिला आपल्याकडे शिराझ म्हणतात, ती रंग देते. बाजरीत तूर-मटकी पेरणाऱ्याला हे शहाणपण नवे नाही. एका जातीला साल वाईट गेले तर दुसरी सावरून धरते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे गोटे हजारो वर्षांपूर्वीचे, वाराही तितकाच जुना. मग शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याची स्थिती काय होती? १८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने बागा मोडल्या. पुन्हा लावल्या, तर वाईन पिंपांतून उत्तरेच्या बर्गंडीकडे जाई. तिथले व्यापारी आपल्या पातळ वाईनला दम आणायला ती मिसळत आणि बाटलीवर नाव बर्गंडीचे लावत. उलट, कुठलीही हलकी लाल वाईन शातोनफच्या नावाने खपवणारेही होते. माल गावाचा आणि नाव दुसऱ्याचे, किंवा नाव गावाचे आणि माल दुसऱ्याचा. दोन्हीकडून लूट. शेजारच्या लांगदोक प्रांतात भेसळीच्या वाईनने भाव पाडले, तेव्हा १९०७ साली लाखो शेतकरी रस्त्यावर आले आणि नार्बोन शहरात सैन्याच्या गोळ्यांनी माणसे मेली. माती तेव्हाही उत्तमच होती!

१९२३ साली शातोनफच्या बागाइतदारांनी संघ बांधला. पुढारीपण दिले बॅरन पिएर ल रॉय यांना. माणूस कायदा शिकलेला, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, स्वतः बागाइतदार. व्यापाऱ्यांविरुद्ध लढण्याआधी या संघाने स्वतःलाच नियम लावून घेतले. ज्या कोरड्या जमिनीत लव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे येतात, तेवढीच जमीन हद्दीत. ठरलेल्याच जाती. वाईनमध्ये किमान १२.५ टक्के मद्यार्क, म्हणजे द्राक्ष पुरते पिकल्याशिवाय तोडायचे नाही. तोडणीत निवड करून खराब माल बाजूला टाकायचा. मग ते कोर्टात गेले. १९२९ साली ओरांजच्या कोर्टाने आणि १९३३ साली पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९३६ मध्ये सरकारी हुकूमनामा निघाला. पुढच्याच वर्षी गावाचा शिक्का काचेत उठवलेली बाटली आली.

आजही तिथे यंत्राने तोडणी करायला बंदी आहे. उतारा हेक्टरी ३५०० लिटरपर्यंतच, म्हणजे द्राक्षाच्या हिशेबात एकरी दोन टनांच्या आसपास. आम्हाला कृषी महाविद्यालयात एकच पाढा शिकवला गेला, एकरी टन वाढवा. टन वाढले की भाव का पडतो, हे शिकवणारा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

कोणी म्हणेल, हे तर लायसन्स-परमिटच झाले, त्याविरुद्धच तर आपण बोलतो. फरक नीट समजून घ्या. लेव्ही आणि निर्यातबंदी शेतकऱ्याचा भाव पाडायला वरून लादली जाते. शातोनफचे नियम शेतकऱ्यांनी आपला भाव राखण्यासाठी आपसात ठरवले आणि सरकारला शेवटी शिक्का मारायला लावले.

नाव मिळाले म्हणजे सोने झाले, असेही आम्ही म्हणत नाही. बोर्दोचे नाव तर याहून मोठे. तरी २०२३ साली तिथे हजारो हेक्टर बागा उपटण्यासाठी सरकारी मदत द्यावी लागली, कारण लाल वाईनचा खप घटला आणि साध्या बोर्दोला उठाव राहिला नाही. बाजार फिरला की नावही अपुरे पडते. पण नाव आपल्या हातात नसेल, तर बाजार तेजीत असतानाही शेतकरी कोरडाच राहतो.

आमच्याकडे काय झाले ते आठवा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक भागात वाईनची द्राक्षे लागली. २००९ च्या सुमारास मंदी आली, खरेदी थांबली. वाईनचे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, म्हणून कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. दरम्यान १९९९ चा भौगोलिक संकेत कायदा २००३ पासून लागू झाला. 'नाशिक व्हॅली वाईन' आणि नाशिकची द्राक्षे या दोन्ही नावांची नोंद झाली. कागद तयार आहे. पण त्या नावामागे पिकवणाऱ्यांनी स्वतः ठरवलेले आणि स्वतः राखलेले नियम कुठे आहेत?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत.

एक, नाशिकच्या नावाने वाईन विकायची तर जाती, हद्द आणि उतारा ठरवणाऱ्या समितीत निम्मे सदस्य द्राक्ष पिकवणारे असावेत.

दोन, बाग लावण्याआधी लेखी करार हवा आणि त्यात खरेदी थांबल्यास भरपाईचे कलम हवे.

तीन, भाव साखरेच्या अंशावर असेल, तर वजन आणि मोजणी शेतकऱ्यासमोर व्हावी.

चार, कमी उतारा मागणाऱ्याने त्या उताऱ्याला परवडेल असाच भाव बांधून द्यावा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. उद्या नियम झाला आणि आपल्याच भावकीतल्या कोणी कच्चा माल घुसवला, तर त्याला अडवायचे धाडस आपण दाखवणार आहोत का? शातोनफच्या शेतकऱ्यांनी ते आधी दाखवले, कोर्टात नंतर गेले. बैठकीला येताना याचे उत्तर ठरवून या.