तालकटोऱ्याची दुसरी आठवण

चित्रपट जेथे घेतला ती जागा मुद्दाम पाहावयास जाणे हा पोरखेळ होय, असे मत दिल्लीतील आपल्या प्रतिष्ठित मराठी मंडळींत वरचेवर ऐकू येते. हे मत आम्हांस मान्य नाही. आणि ज्या वृत्तीतून ते निघते ती तर त्याहूनही अमान्य आहे.

तालकटोरा उद्यानाचेच पाहा. गावाकडचे पाहुणे आले म्हणजे १७३७ साली बाजीरावांची फौज येथवर येऊन थडकली होती, हे आपण छाती फुगवून सांगतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरले, तेव्हा या अभिमानास नवे भरते आले. ते योग्यच झाले. परंतु याच उद्यानात सई परांजपे यांनी 'चश्मे बद्दूर'मधील (१९८१) प्रसंग चित्रित केले, हे सांगताना मात्र आपली जीभ अडखळते. स्वारी करून परतलेल्यांचा अभिमान, आणि येथे राहून हे शहर निरखणाऱ्या मराठी स्त्रीविषयी संकोच, हा कोठला न्याय?

सईबाईंनी दिल्ली दूरदर्शनवर नोकरी केली. म्हणजे त्याही आपल्यासारख्याच पोटासाठी आलेल्या. परंतु त्यांना दिसलेली दिल्ली किल्ल्यांची आणि मिनारांची नव्हे. भाड्याच्या खोलीतील तीन विद्यार्थी, उधारीवर सिगारेटी देणारा पानवाला, दारोदार धुण्याची पूड विकणारी मुलगी, बागेतले उपाहारगृह, एवढ्यावर त्यांनी चित्र उभे केले. २०१३ च्या नव्या आवृत्तीने हे कथानक गोव्यास नेले. नाव तेच राहिले. दिल्ली मात्र गेली.

यावर कोणी म्हणेल, पडद्यावरचे सारेच लटके. 'तेरे घर के सामने'मध्ये (१९६३) देव आनंद आणि नूतन ज्या जिन्यात दिसतात तो कुतुबमिनाराचा नव्हे, स्टुडिओत उभारलेला. खऱ्या जिन्यात कॅमेरा मावेना. आणि खरा जिना १९८१ च्या डिसेंबरातील चेंगराचेंगरीत ४५ जीव गेल्यापासून लोकांना बंद आहे. हे सारे कबूल. ताळा पाहण्यासाठी जाणारा रिकाम्या हाती परतणारच. पाच मिनिटांत छायाचित्र काढून पळणाऱ्याचीही वकिली आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या कोणी प्रेमाने पाहिलेली जागा आपणही तासभर बसून पाहावी.

बदलीच्या हुकमाची वाट पाहत बांधलेल्या बोचक्यावर बसून राहणाऱ्यास कोणतेच शहर दिसत नाही. आपली मुले येथेच वाढतात. त्यांना दिल्ली म्हणून आपण सरकारी निवासस्थानाचा क्रमांक आणि पानिपतची सहल यांपलीकडे काय देतो? पुढल्या खेपेस पाहुण्यांना तालकटोऱ्यास नेाल तेव्हा बाजीरावांची कथा अवश्य सांगा. आणि मुलांना जवळ बसवून सईबाईंचीही सांगा.