विश्लेषण : एमबीबीएसनंतर दवाखानाच टाकायला हवा का? रुग्ण न तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी कोणत्या वाटा?

सणसर, भवानीनगर, काटेवाडी या पट्ट्यात घरातले कुणी डॉक्टर झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : दवाखाना कुठे टाकणार, बारामतीत की इंदापुरात? पण एमबीबीएस झालेल्या अनेकांसाठी हे उत्तर आता तितके सोपे राहिलेले नाही. रुग्णसेवेबाहेरच्या म्हणजे ‘नॉन-क्लिनिकल’ क्षेत्रांकडे त्यांचा ओढा का वाढतो आहे, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि त्यात धोके कोणते, याविषयी...

हा प्रश्न आताच का?

देशात २०१४ पूर्वी एमबीबीएसच्या ५१ हजार ३४८ जागा होत्या. केंद्र सरकारच्या २०२४ मधील माहितीनुसार त्या एक लाख १२ हजार ११२ झाल्या. पदव्युत्तर जागाही वाढल्या, पण त्या ७२ हजारांच्या घरात पोहोचल्या. बारामतीत २०१९ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या तुकड्या आता बाहेर पडत आहेत. ‘नीट-पीजी’ला दरवर्षी दोन लाखांहून अधिक उमेदवार बसतात. हवी ती शाखा मिळावी म्हणून दोन-दोन, तीन-तीन वर्षे केवळ परीक्षेच्या तयारीत जातात. शेतीवर कर्ज काढून शिकवलेल्या घराला हा काळ परवडत नाही.

‘नॉन-क्लिनिकल’ म्हणजे नेमके काय?

याचे ढोबळ दोन भाग पडतात. पहिला, वैद्यकीय शिक्षणाच्या आतला : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, न्यायवैद्यक, जनऔषधवैद्यक (पीएसएम) यांसारख्या विषयांत एमडी करून अध्यापन वा संशोधन. यातील काही विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर जागा भरण्यासाठी ‘नीट-पीजी’चे पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणावे लागले होते. दुसरा भाग महाविद्यालयाबाहेरचा : सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन, औषध कंपन्या, आरोग्य विमा, वैद्यकीय लेखन, प्रशासकीय सेवा.

गावपातळीवर असे काम असते का?

असते, फक्त ते डोळ्यांत भरत नाही. तुकोबारायांची पालखी सणसरला मुक्कामी येते, तेव्हा एका रात्रीत गावाच्या कितीतरी पट माणसे तिथे असतात. विहिरी-टाक्यांत टीसीएल पडले का, पाण्याची ओटी चाचणी झाली का, टँकर कुठे भरले, रुग्णवाहिका कुठे उभ्या आहेत, जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले का, हे पाहणाऱ्या डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप असेलच असे नाही. हे काम चुकले तर शेकडो खाटाही पुरत नाहीत.

दुसरे उदाहरण कारखान्यांचे. कारखाने अधिनियम, १९४८ मधील धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आसवन्यांचाही समावेश झाला आणि अशा उद्योगांवर व्यावसायिक आरोग्य केंद्र व प्रशिक्षित डॉक्टरची जबाबदारी आली. त्यासाठीचा ‘एएफआयएच’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मुंबईतील केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. साखर पट्टा आणि बारामती एमआयडीसी यांच्यामध्ये राहणाऱ्या डॉक्टरसाठी घराजवळची वाट ती हीच.

इतर प्रशिक्षण कुठे मिळते?

रुग्णालय व्यवस्थापन आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहेत. साथरोगशास्त्रासाठी चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तर सार्वजनिक आरोग्यासाठी तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा तिरुनल संस्था ओळखली जाते. तंत्रज्ञानाची आवड असलेल्या एमबीबीएस पदवीधरांसाठी आयआयटी खरगपूरमध्ये तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे, क्लिनिकल चाचण्या, विम्याचे दावे तपासणे या कामांत मात्र पदवीपेक्षा सुरुवातीचा अनुभव अधिक मोजला जातो.

मराठी समाजाला हे नवे आहे का?

अजिबात नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसातज्ज्ञ होते. डॉ. जब्बार पटेल यांनी दौंडमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. डॉ. अनिल अवचट एमबीबीएस होऊन लेखन आणि व्यसनमुक्तीच्या कामाकडे वळले. धुळे जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबातून आलेले डॉ. राजेंद्र भारूड डॉक्टर होऊन सनदी सेवेत गेले आणि करोनाकाळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. फरक इतकाच की ती एकेकट्याची निवड होती, आता तो एका पिढीचा प्रश्न आहे.

धोके कोणते?

पहिला, महागडी ऑनलाइन प्रमाणपत्रे. पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, याची खातरजमा हवी. दुसरा, समजुतीचा घोळ. ‘एमपीएच’ म्हणजे जनऔषधवैद्यकातील एमडी नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयात त्या विभागात अध्यापक व्हायचे तर केवळ ‘एमपीएच’ पुरत नाही. तिसरा, नोंदणी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. रुग्ण तपासत नसलात तरी नोंदणी जिवंत ठेवणे शहाणपणाचे, कारण परतीचा रस्ता तोच आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना एका वर्षाची बंधपत्रित सेवाही विसरून चालत नाही.

मग गावांना डॉक्टर कोण देणार?

हा आक्षेप खरा आहे. जनतेच्या पैशावर घडलेला डॉक्टर शहरातल्या काचेच्या इमारतीत विम्याचे दावे तपासत बसला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकामी खुर्ची तशीच राहते. पण त्या खुर्चीवर न टिकण्याची कारणे वेगळी आहेत : कंत्राटी नेमणुका, निवासाची गैरसोय, सुरक्षिततेची चिंता, पुढे शिकण्याची अनिश्चितता. ती दूर झाली नाहीत तर नॉन-क्लिनिकल वाटा बंद करूनही डॉक्टर गावात थांबणार नाहीत. उलट ग्रामीण सेवेतून सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाकडे आणि तिथून पुन्हा तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेत येण्याची शिडी असेल, तर सणसरचा डॉक्टर दवाखाना न टाकताही सणसरच्या उपयोगी पडू शकतो. ही वाट विचार करून निवडलेली हवी, परीक्षेला कंटाळून धरलेली नको.